इंडिकेटर चालू असेपर्यंत

सगळे ज्याला वाक्या म्हणायचे, त्याला पगार मिळायचा तो अर्थ नसलेली वाक्यं लिहिण्याचा. हेच काम जगात कितीतरी माणसं हौसेखातर करत असताना आपल्याला त्याचे पैसे मिळतात, याचं त्यालाच नवल वाटायचं. पाहुणे विचारायचे, "मग तू नक्की करतोस तरी काय?" आई पटकन सांगायची, "मेंदूच्या संशोधनात आहे." आणि पुढचा प्रश्न यायच्या आत बिस्किटांची बशी पुढे सरकवायची.

हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत वाणी-संशोधन विभाग होता. मेंदूच्या आजारामुळे ज्यांचं बोलणं बिघडतं, त्यांच्या बोलण्याचा तिथे अभ्यास चाले. अशा माणसाच्या डोक्यात वाक्य तयार असतं, शब्द जागच्या जागी असतात. पण जीभ, ओठ आणि श्वास यांचं आपसात पटेनासं झालेलं असतं, त्यामुळे वाक्य बाहेर पडताना त्याची मोडतोड होते. किती मोडतोड झाली हे मोजायची रीत अशी, की पेशंटने माइकसमोर वाक्यं वाचायची आणि ज्यांनी त्याला जन्मात कधी ऐकलेलं नाही अशा परक्या माणसांनी हेडफोन लावून, ऐकू येईल ते टाइप करायचं. जितके शब्द मूळ यादीशी जुळले, तितके गुण.

यात गोम अशी की माणूस कानाने कमी आणि अंदाजाने जास्त ऐकतो. "घसा कोरडा पडलाय, जरा पाणी..." एवढं कानावर आलं की पुढे पेशंट "द्या" म्हणाला काय किंवा नुसता शिंकला काय, ऐकणारा "द्या" टाइप करून मोकळा. मग गुण कुणाला द्यायचे? म्हणून वाक्यं अशी लागायची की व्याकरण चोख, पण पुढचा शब्द कुणाच्या बापाला ओळखता येऊ नये. 'शहाण्या बादलीने पोस्टमनची टोपी पेरली.' 'खुर्चीने डॉक्टरला कुंपणात विरघळवलं.' वाक्या दिवसभर बसून अशी वाक्यं पाडायचा. त्याचं हे नाव विभागातच पडलं होतं. ते घरी पोचायलाही वेळ लागला नाही, आणि आता खरं नाव फक्त बँकेला आठवायचं.

विभागाच्या मॅडम या बाबतीत भलत्याच कडक.

"'दमलेली खिडकी झोपली.' हे काय आहे?"

"अर्थ नाही मॅडम त्यात."

"आहे. ही कविता झाली. खोड."

रेकॉर्डिंगच्या खोलीच्या दारावर मात्र एक सूचना होती: 'लाल दिवा चालू असेपर्यंत कुणीही बोलू नये. पेशंटचं वाक्य दुसऱ्याने पूर्ण करू नये.' तीही वाक्यानेच लिहिली होती. नोकरीत लागल्यापासून अर्थ असलेलं त्याने लिहिलेलं तेवढंच.

आता घरचं. वाक्याचे बाबा गाडी चालवायला शिकवायचे. निम्म्या शहराला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्याला बाजूला उडी मारायला. मग त्यांच्या लहान मेंदूला काहीतरी झालं. लहान मेंदू म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला असतो तो, हालचालींचा तोल सांभाळणारा. बाबा चालताना झोकांड्या खायला लागले आणि बोलणं तर अगदी नवशिक्याने गाडी पुढे काढावी तसं झालं. प्रत्येक अक्षराला एक गचका. मधेच आवाज एकदम चढायचा, मधेच इंजिन बंद पडल्यासारखा विरायचा. शहाणपण जिथल्या तिथे होतं. टोमणेही जिथल्या तिथे होते. फक्त टोमणा बाहेर पडेपर्यंत ज्याला मारायचा तो माणूस खोलीतून निघून गेलेला असायचा.

शिकवायची गाडी अजून अंगणात उभी होती. लहानशी, पांढरी, शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असलेली. अंगण इतकं चिमुकलं की गाडी अंगणात नसून अंगणच गाडीच्या कडेने कसंबसं उभं आहे असं वाटायचं. घरात शिरायचं तर पोट आत ओढून, आडवं. भोवती उंच इमारती उठल्या होत्या, त्यामुळे त्या घरात ऊन यायचं ते फक्त सकाळी आणि फक्त अंगणाच्या त्या तुकड्यावर. म्हणजेच गाडीच्या टपावर. शेजारचं मांजर तिथे येऊन ताणून द्यायचं. बाबा आतल्या अंधाऱ्या खोलीत, पायांवर शाल घेऊन, खिडकीतून त्याच्याकडे बघत बसायचे.

"किती जीव आहे बघ गाडीवर," आई म्हणायची. "नजर हलत नाही."

घरात बाबांचं बोलणं सगळ्यांना शंभर टक्के कळायचं, कारण कुणी ते ऐकतच नव्हतं. ते नुसतं "च—" म्हणाले की आई चहा घेऊन हजर. "औ—" म्हणाले की वाक्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, औषधाची बाटली उघडायची. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि दिवसातून इतक्या वेळा यायची की खरं राहणं कुठे, असा प्रश्न पडावा. आणि बाबा "गा—डी—" म्हणाले, की तिघंही एका सुरात:

"नाही विकणार हो! अजिबात नाही विकणार!"

यावर बाबा डोळे मिटून खुर्चीच्या हातावर बुक्की मारायचे. मग आईचे डोळे भरून यायचे.

त्यांना बरं वाटावं म्हणून आई रोज सकाळी गाडीचं इंजिन चालू करून ठेवायची. आवाज ऐकून माणसाला जुने दिवस आठवतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. धूर सरळ बाबांच्या खोलीत जायचा. बाबा खोकून खोकून लाल व्हायचे.

"गहिवरले," आई हळूच सांगायची.

ताईने एक दिवस जाहीर केलं की गाडीवर शेड बांधायची. पक्की, लोखंडी खांब, वर पत्रा. "ऊन लागून रंग उडतोय. एकदा पत्रा ठोकला की गाडी नातवंडांपर्यंत जाते की नाही बघ."

"न—को—" बाबा म्हणाले.

"हेच ते! आयुष्यभर स्वतःसाठी काही मागितलं नाही या माणसाने," आई म्हणाली.

"बाबा, तुम्ही संकोच करू नका," वाक्या म्हणाला. आणि पत्र्याचा रंग निळा असावा हेही त्यानेच सुचवलं.

याच सुमारास मॅडमना लहान मेंदूच्या आजाराचे पेशंट हवे होते. वाक्याने बाबांचं नाव सुचवलं. मॅडमची अट एकच होती. "त्यांच्या रेकॉर्डिंगपासून तू लांब राहायचं. तू मुलगा आहेस, तुझे कान फितूर आहेत." वाक्याने मान्य केलं. ताई बाबांना दर आठवड्याला विभागात सोडायची. बाबा मात्र जायला फार उत्सुक दिसायचे. तासभर आधीच बूट घालून बसायचे. घरच्यांना वाटलं, चला, माणसं भेटतात तेवढीच.

पहिल्या आठवड्याचे गुण ठीक आले. दुसऱ्या आठवड्याचे घसरले. पुढच्या आठवड्यात तर असे कोसळले की मॅडमनी वाक्याला दार लावून घ्यायला सांगितलं.

"तुला सांगू नये खरं तर. पण त्यांचं निम्मं बोलणं कुणालाच जुळवता येत नाहीये. इतक्या झपाट्याने असं होत नाही सहसा."

वाक्या तसाच बाहेर आला आणि बराच वेळ पाण्याच्या मशीनसमोर, ग्लास न घेता, उभा राहिला. मग त्याने पत्रेवाल्याला फोन केला आणि विचारलं, शेडचं काम लवकर होईल का. बाबांचं बोलणं तर चाललं, निदान गाडी तरी सुखरूप राहावी. पत्रेवाला म्हणाला, शनिवारी येतो.

शनिवारी विभाग अर्धा दिवस असायचा. वाक्या एका नव्या वाक्यात चमच्याकडून वकिलाला इस्त्री करवत होता, तेवढ्यात मॅडमनी हाक मारली.

"तू याद्यांची काही अदलाबदल केलीस का?"

"नाही."

"मग हे बघ. ज्याचं बोलणं कळत नाही, त्याचं वाक्य दहा जण दहा तऱ्हेने चुकीचं लिहितात. इथे सगळे अगदी सारखं चुकलेत. एक बेकरीवाला, एक कॉलेजची मुलगी, एक निवृत्त नर्स. एकमेकांना ओळखत नाहीत. पण चूक शब्दाला शब्द तीच."

वाक्याने स्क्रीनवर पाहिलं. यादीत होतं: 'भित्र्या कंगव्याने पुलाला मिठी मारली.' तिघांनी लिहिलं होतं: 'उन्हावर पत्रा ठोकू नका.'

त्याच्या मनात पहिला विचार आला तो निव्वळ धंद्यातला. वाक्य झकास होतं. व्याकरण चोख, आणि 'उन्हावर' नंतर 'पत्रा' येईल असं कुणाला स्वप्नातही वाटणार नाही. ऊन आणि पत्रा! आपल्याला का नाही सुचलं हे? त्याला जरा मत्सरही वाटला. आपणच कधीतरी लिहून विसरलो असू, अशी स्वतःची समजूत घालून तो खालच्या ओळीवर गेला. 'गाडी विका आणि तिथे माझी खुर्ची टाका.' हेही चांगलं होतं. तिसरं होतं, 'हिला सांगा मी गहिवरत नाही.'

तिथे मात्र वाक्या खाली बसला. खुर्ची तिथे होती हे नशीब.

"मॅडम, मला हे ऐकायचंय."

"तू ऐकणारा म्हणून बाद आहेस."

"गुण द्यायला नाही. मुलगा म्हणून ऐकतो."

मॅडमनी क्षणभर विचार केला. "त्याला काही नियम नाही," त्या म्हणाल्या आणि हेडफोन काढून दिला.

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग खुर्ची करकरली. मग बाबांचा आवाज, एकेक अक्षर सुटं, गचके खात: "गा—डी—"

"नाही विकणार हो बाबा, अजिबात नाही," वाक्या मोठ्याने म्हणाला.

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. रेकॉर्डिंगला मात्र त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. ते थांबलं नाही, गडबडलं नाही, त्याने बुक्कीही मारली नाही. ते शांतपणे पुढे म्हणालं: "—वि—का."

इतक्या महिन्यांत 'गाडी' या शब्दाच्या पुढे बाबा पहिल्यांदाच पोचले होते.

रेकॉर्डिंगवाला दारात येऊन उभा होता. "दिवा लागला की ते यादीचा कागद बाजूला ठेवतात," तो म्हणाला. "आधी एकच वाक्य असं म्हणायचे. मग हळूहळू वाढवलं. परवा तर माझ्याकडे बघून हसलेसुद्धा."

"मग सांगितलं का नाहीस?" मॅडम कडाडल्या.

"दिवा चालू होता ना मॅडम. बोलायचं नाही असं दारावर लिहिलंय."

"दिवा बंद झाल्यावर?"

"बंद झाल्यावर बोलावं असं कुठे लिहिलंय?"

वाक्या तोवर जिन्यात पोचला होता.

घरी अंगणाच्या चार कोपऱ्यांत खड्डे खणून झाले होते. निळे पत्रे भिंतीला टेकवलेले. पत्रेवाला एक खांब उभा धरून होता, ताई तो सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघत होती, आणि आई सगळ्यांसाठी चहा घेऊन गाडी आणि भिंत यांच्या फटीत अडकली होती. बाबांना खास बघायला म्हणून दारात खुर्ची टाकून बसवलं होतं.

"थांबा!" वाक्या ओरडला. "बाबांना काहीतरी सांगायचंय!"

"माहीत आहे रे," ताई म्हणाली. "सकाळपासून 'गाडी, गाडी' चाललंय. आनंद झालाय त्यांना."

"आनंद नाही झालेला! त्यांना—"

आणि त्याची नजर बाबांकडे गेली. बाबा त्याच्याकडे बघत होते. ही नजर त्याच्या ओळखीची होती. शिकाऊ माणसाचा पाय क्लचवरून घाईने सुटायला लागला की बाबा असेच बघायचे, आणि त्यांचा स्वतःचा पाय अलगद त्या वेगळ्या ब्रेकवर जायचा.

वाक्याने तोंड मिटलं. आपणही पुन्हा तेच करायला निघालो होतो, फक्त या वेळी बरोबर उत्तर घेऊन.

"सगळे गाडीत बसा," तो म्हणाला.

"काय?"

"बसा म्हणतोय ना. ताई, मागे. आई, तू पण. कप राहू दे."

पत्रेवाल्याला कुणी बसू नको असं सांगितलं नाही, म्हणून तोही खांब खाली ठेवून मागे घुसला. वाक्याने बाबांना धरून त्यांच्या जुन्या जागेवर, शिकवणाऱ्याच्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसला. टपावरचं मांजर काचेवरून खाली डोकावलं. बाबांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला.

"आता असं आहे," वाक्या म्हणाला, "गाडीचा इंडिकेटर चालू असेपर्यंत कुणीही बोलायचं नाही. कुणाचं वाक्य कुणी पूर्ण करायचं नाही. बाबा, चालू तुम्ही करायचा, बंदही तुम्हीच."

"हे काय खूळ आणलंय ऑफिसातून?" आई म्हणाली.

बाबांचा हात थरथरत पुढे गेला, एकदा रेडिओवर पडला, एकदा हवेत राहिला, आणि मग त्यांनी मधलं लाल त्रिकोणाचं बटण दाबलं. दोन्हीकडचे दिवे लुकलुकायला लागले. टिक. टिक. टिक. टिक.

बाबा थोडा वेळ नुसतेच ऐकत राहिले. मग त्यांनी दर टिकला एक अक्षर ठेवायला सुरुवात केली.

"गा. डी."

आईचे ओठ हलले. ताईने आपल्या तोंडावर हात ठेवला, आणि खबरदारी म्हणून दुसरा आईच्या तोंडावर.

"वि. का."

टिक. टिक. टिक. ताईचे दोन्ही हात खाली आले. दोघींची तोंडं उघडीच होती, पण आता त्यांतून काही येत नव्हतं.

"ति. थे. ऊ. न. ये. तं. म. ला. ब. सा. यचं. य."

आईने बटणाकडे हात नेला, पण बाबांनी तो हळूच बाजूला केला. त्यांचं संपलं नव्हतं. बरंच साचलेलं होतं. आधी त्यांनी आईला सांगितलं की सकाळचं इंजिन बंद कर, धुराने जीव जातो. ताईला सांगितलं की ती मागे घेताना अजूनही आरसा बघत नाही. मग आरशातून पत्रेवाल्याकडे बघून त्यांनी आपल्या या जुन्या शिकाऊला ओळखलं आणि सांगितलं की लायसन्सच्या परीक्षेत तू पास झालास ती माझ्या शिकवण्यातली सगळ्यात मोठी चूक. पत्रेवाल्याने खाली मान घातली. एवढं व्हायला खूप वेळ लागला, आणि एवढा वेळ त्या घरातली दोन बोलकी माणसं गप्प बसलेली मांजरानेही पहिल्यांदाच पाहिली.

शेवटी ते वाक्याकडे वळले.

"बा. द. ली. चं. वा. क्य," बाबा म्हणाले. टिक. टिक. "ब. रं. आ. हे."

आणि त्यांनी बटण दाबलं.

मग आई म्हणाली, "म्हणजे तुम्ही गहिवरत नव्हता?"

"खो—क—त—हो—तो," बाबा म्हणाले. इंडिकेटर बंद होता, तरी आई थांबली. अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत.

पत्रेवाला पत्रे परत घेऊन गेला. टेम्पो मागे घेताना त्याने तीन वेळा आरसा बघितला. गाडी महिन्याभरात एका बाईंनी नेली. त्या स्वतःचा क्लास काढत होत्या आणि दुसरा ब्रेक पाहून त्यांचा चेहरा खुलला. विभागात मॅडमनी बाबांच्या रेकॉर्डिंगचे गुण, त्यांनी जे खरं म्हटलं त्याच्याशी जुळवून, पुन्हा काढून पाहिले. उत्तम आले. सावकाश बोलू दिलं तर बाबांचं बोलणं बेकरीवाल्यालाही कळत होतं. पण संशोधनाचे नियम पाळणं भाग होतं, त्यामुळे अहवालात त्यांचं रेकॉर्डिंग वगळलं गेलं. कारणाच्या जागी मॅडमनी लिहिलं: 'वाक्यांना अर्थ होता.'

अंगणात आता खुर्ची असते. सकाळी ऊन आलं की बाबा तिथे येऊन बसतात. मांजराची हक्काची जागा गेल्यामुळे त्याने पहिले दोन दिवस भिंतीवर बसून निषेध केला, मग ते बाबांच्या मांडीवर आलं. शेजारी आई भाजी निवडत बसते. बाबांना काही सांगायचं असलं की ते खुर्चीच्या हातावर बोटाने ठोकायला लागतात, टिक, टिक, आणि त्या ठेक्यावर बोलतात. तोवर घरात कुणी चकार शब्द काढत नाही. फोन आला तर वाजू देतात.

परवा वाक्या कामाला निघाला होता, तेव्हा बोट वाजायला लागलं. आईने सुरी खाली ठेवली. वाक्या दारात थबकला. ताई फाटकातून आत येत होती, ती एक पाय आत ठेवून तशीच उभी राहिली.

"च," बाबा म्हणाले.

सगळे थांबले. ऊन भिंतीवरून थोडं खाली सरकलं. मांजराने कूस बदलली.

"हा."

"हे तर मला मघाशीच कळलं होतं!" आई म्हणाली.

बाबांनी मान डोलावली आणि पुन्हा बोट वाजवायला घेतलं. आई उठत होती, ती परत बसली.

"क. ळ. लं. हो. तं," बाबा म्हणाले. "प. ण. बो. ल. ली. ना. ही. स."

आणि चहा येईपर्यंत ते मांजराच्या पाठीवरून हात फिरवत बसले.